सन्मित्रांची निवड आणि दोन ख्रिस्ती आत्मचरित्रे

‘सन्मित्र’ या विषयावर शाळेत निबंध लिहिला नाही असा सुशिक्षित मराठी गृहस्थ सापडणे कठीण. हितोपदेशाचा आरंभच मित्रलाभाने होतो. पंचतंत्रात मित्रभेद आधी आणि मित्रसंप्राप्ती मागून, असा अनुभवाला अधिक धरून असलेला क्रम आहे. समर्थांनी सत्संगाचे महत्त्व सांगितले आणि सर्व संतांनी त्याचा महिमा गाइला. इतके असूनही, किंवा इतके असल्यामुळेच, हा विषय आमच्याकडे जुन्या नाण्यासारखा झिजून गुळगुळीत झाला आहे. नाणे चालते, पण त्यावरचा छाप कोणी पाहत नाही.

अलीकडे या विषयावरची, ख्रिस्ती दृष्टीने लिहिलेली एक लहानशी पुस्तिका आमच्या पाहण्यात आली. परळच्या भोईवाड्यात आमचे बिऱ्हाड आहे. तेथील एका ख्रिस्ती शेजाऱ्यांनी ती आम्हांस मोठ्या अगत्याने वाचावयास दिली. लेखकाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण अशा पुस्तिका पुष्कळ निघतात आणि त्यांतील एकीलाच धारेवर धरणे न्यायाचे होणार नाही. मित्र करण्यापूर्वी तो देवभीरू आहे काय, खरे बोलतो काय, व्यसनापासून अलिप्त आहे काय, वडिलांचा मान ठेवतो काय, हे पाहावे. या कसोटीस जो उतरणार नाही त्याच्यापासून दूर राहावे. असा तिचा एकंदर आशय. उपदेशात चूक काढण्याजोगे काही नाही. कोणताही हिंदू, मुसलमान अथवा पारशी बाप त्याखाली डोळे मिटून सही करील. आणि आमची पहिली तक्रार हीच आहे! शास्त्रवचनांचे आकडे वगळले तर यात ख्रिस्ती असे उरते काय? ख्रिस्ती धर्माला मैत्रीविषयी स्वतःचे असे काही सांगावयाचे असेल, तर ते या पुस्तिकेत आलेले नाही.

ते शोधावयाचे तर उपदेशाच्या पुस्तकांपेक्षा ज्यांनी या धर्मापायी घरदार, जात, सोयरे आणि मित्र पणास लावले त्यांच्या चरित्रांकडे वळणे बरे. मराठीत अशी दोन आत्मचरित्रे आहेत. एक बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ आणि दुसरे लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’. पहिले एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात प्रसिद्ध झाले. दुसऱ्याचे भाग १९३४ सालापासून पुढे निघाले. दोहोंचे वाङ्मयीन मोल सारखे नाही, हे मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. परंतु तो फरक केवळ लेखनकौशल्याचा नसून मैत्रीकडे पाहण्याच्या दोन दृष्टींचा आहे, असे आमचे मत आहे, आणि तेच येथे मांडावयाचे आहे.

त्यापूर्वी मूळ शास्त्राकडे थोडे पाहिले पाहिजे. पुस्तिकाकारांचा सारा भार दोन वचनांवर आहे. ज्ञान्यांच्या सोबतीने चालणारा ज्ञानी होतो, या अर्थाचे नीतिसूत्रांतील एक; आणि कुसंगतीने सदाचरण बिघडते, या अर्थाचे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील दुसरे. या दुसऱ्याविषयी एक गंमत सांगण्यासारखी आहे. ते वाक्य पौलाचे स्वतःचे नाही. ग्रीक नाटककार मेनांदर याच्या नाटकातून ते आले असे विद्वान मानतात. म्हणजे ख्रिस्ती घरांतून जे वचन मुलांस पाठ करवितात, ते मूळचे एका मूर्तिपूजक विनोदी नाटककाराचे! पौलाची संगत निदान ग्रंथांच्या बाबतीत तरी फारशी सोवळी नव्हती असे यावरून दिसते.

आता शुभवर्तमाने उघडावीत. तेथे चित्र अगदी वेगळे आहे. ख्रिस्ताच्या विरोधकांनी त्याच्यावर ठेवलेला एक मोठा आक्षेप हा की, हा जकातदारांचा व पापी लोकांचा मित्र आहे. पुस्तिकेतील कसोटी लावली तर ख्रिस्त स्वतःच नापास व्हावयाचा. झाडावर चढून बसलेल्या जक्कयाची वर्तणूक सुधारली आहे की नाही, याची चौकशी करून तो त्याच्या घरी जेवावयास गेला नाही. आधी जेवावयास गेला, आणि वर्तणूक मागाहून सुधारली. शेवटच्या रात्री तो शिष्यांस सांगतो की, यापुढे मी तुम्हांस दास म्हणत नाही, मित्र म्हणतो. आणि त्याला लागूनच हेही सांगतो की, निवड तुम्ही केलेली नाही, ती माझी आहे. निवडणाऱ्याचा मान येथे शिष्यांच्या हातून काढून घेतला आहे. त्याच रात्री धरून द्यावयास आलेल्या यहूदालाही तो मित्र अशीच हाक मारतो. ती हाक उपरोधाची की मनापासूनची, यावर टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्ही ती मनापासूनची मानतो, कारण त्या प्रसंगी उपरोध फार स्वस्त झाला असता.

ही अडचण युरोपातील विचारवंतांस जाणवली नव्हती असे नाही. इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकांस बॉझवेलने नमूद केलेला १७७८ सालच्या एप्रिल महिन्यातील एक संवाद आठवेल. डॉ. जॉन्सन यांचे म्हणणे असे पडले की, मैत्री म्हणजे एकाला इतरांहून अधिक मानणे; ख्रिस्ती धर्म तर सर्वांवर सारखा लोभ करावयास सांगतो; तेव्हा प्राचीन तत्त्वज्ञांनी वाखाणलेला हा गुण ख्रिस्ती धर्मात बसत नाही. त्यावर मिसेस नोल्स नावाच्या क्वेकर पंथाच्या बाईंनी त्यांस आठवण करून दिली की, ख्रिस्ताला बारा शिष्य होते, पण त्यांतील एक त्याचा विशेष आवडता होता. एरवी कोणास हार न जाणारे जॉन्सन या उत्तराने संतुष्ट झाले. त्यापूर्वी सहाशे वर्षे, बाराव्या शतकात, यॉर्कशरमधील रिव्हो येथील मठाधिपती एलरेड याने सिसेरोचा मैत्रीवरील ग्रंथ पुढे ठेवून मैत्रीवर एक संवादात्मक ग्रंथ लिहिला. त्याने मैत्रीच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: निवड, पारख, स्वीकार आणि एकचित्तता. पुस्तिकेचा उपदेश पहिल्या दोन पायऱ्यांवरच थबकला आहे. एलरेडचा सारा जिव्हाळा पुढच्या दोन पायऱ्यांत आहे. एकदा स्वीकारले की सोसावयाचे. राग सोसावयाचा, लहर सोसावयाची, अपमानही सोसावयाचा. मग पारख कडक का, हे उघड आहे. पुढे सुटका नाही म्हणून.

परंतु मैत्रीवरचे सर्वांत मार्मिक भाष्य आम्हांस मार्काच्या दुसऱ्या अध्यायात आढळते, आणि भोईवाड्यात राहणाऱ्यास ते चटकन उमगावे. मुंबईत भोईवाडे एकाहून अधिक आहेत. भुलेश्वराकडचा एक, आणि हा आमचा परळचा. नाव पालखी वाहणाऱ्या भोयांच्या वस्तीचे. पालख्या आणि मेणे कधीच गेले. पण चौघांनी एकाला उचलून नेण्याचे काम या भागातून गेलेले नाही. १९२६ साली येथे के. ई. एम. रुग्णालय उघडले, १९४१ साली टाटा रुग्णालय. तेव्हापासून महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून दुखणाईत येथे येतात. रुग्णालयांच्या सभोवारच्या पदपथांवर त्यांची माणसे पथारी टाकून पडलेली असतात. त्यांत सख्खे असतात, तसेच गावचे सोबतीही असतात. कोणी रजा टाकून आलेला, कोणी शेत वाऱ्यावर सोडून आलेला. मार्काने सांगितलेल्या गोष्टीत एका पक्षाघाती मनुष्यास चौघांनी खाटेसकट उचलून आणले. दारात गर्दी म्हणून छपरावर चढले, छप्पर उसकले, आणि दोरखंडासारखे काही लावून खाट खाली सोडली. तेथे मार्क लिहितो की, ख्रिस्ताने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. रोग्याचा विश्वास कसा होता, तो पापी होता की पुण्यवान, हे मार्क सांगत नाही. चौघांनी त्याला मित्र म्हणून कोणत्या गुणावरून निवडले होते, हेही सांगत नाही. त्यांना नावेसुद्धा नाहीत. पालखीच्या भोयांविषयी असे सांगतात की, पुढच्याला वाट दिसते, मागच्याला दिसत नाही. म्हणून पुढचा चालता चालता दगड, पाणी, चढ यांची वर्दी देत जातो आणि मागचा त्या शब्दावर पाऊल टाकतो. चौघे सारख्या उंचीचे असावे लागतात हे खरे. पण सारख्या उंचीचे चौघे भिंतीशी उभे केले म्हणून पालखी चालत नाही.

आता मुंबईकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत येथे ‘वाईट संगत’ या शब्दाला एक फार ठरीव अर्थ आला होता. १८३९ साली डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि पालकांनी शाळेतील मुले भराभर काढून घेतली. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद हा पोरवयाचा मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहिला म्हणून पुन्हा खटला झाला. न्यायालयाने मुलाला बापाच्या स्वाधीन केले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घेण्याचा पक्ष धरला आणि सनातन्यांचा रोष पत्करला. हा इतिहास धर्मांतराचा म्हणून पुष्कळदा सांगितला जातो. तो मैत्रीचाही आहे, हे ध्यानात घेतले जात नाही. त्या काळच्या गिरगावातील बापाला विचारले असते की, मुलाने कोणाशी मैत्री करू नये, तर दारूबाज किंवा जुगारी यांच्या आधी त्याने मिशनशाळेतील सोबत्याचे नाव घेतले असते. आणि तो सोबती कदाचित वर्गातील सर्वांत सत्यवादी, अभ्यासू, निर्व्यसनी मुलगा असेल! संगतीची भीती गुणावगुणांवरून ठरत नाही, आपल्या घराची वेस कोठे आहे त्यावरून ठरते. याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

याच काळात, १८४९ साली, दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण प्रभृतींनी मुंबईत परमहंस सभा स्थापिली. जातिभेद मोडावा, एक देव मानावा, हा तिचा उद्देश. सभेत शिरणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव सर्वांदेखत खावयाचा. सर्वांदेखत म्हणजे सभासदांदेखत. कारण सभा गुप्त होती, आणि सभासदांची संख्या हजार होईपर्यंत उघड व्हावयाचे नाही असा तिचा संकेत होता. हजाराचा आकडा गाठला गेला नाही. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नावे फुटण्याचा धाक पडला आणि सभा मोडली. या सभेची टर उडविणे आज सोपे आहे; आम्ही ती उडविणार नाही. जिने पुढे, १८६७ साली, प्रार्थना समाज स्थापणाऱ्या मंडळींची मने घडविली, ती सभा क्षुद्र नव्हती. पण मैत्रीच्या दृष्टीने पाहता ती मोठी चमत्कारिक संस्था होती. पुस्तिकाकारांस हवी तशी निवड, हवी तशी पारख, शपथपूर्वक स्वीकार, सारे तेथे होते. नव्हती ती एकच गोष्ट. रस्त्यात भेटल्यावर एकमेकांस चारचौघांत खऱ्या नात्याने ओळख देण्याची मोकळीक नव्हती. बंद दाराआड एका पावाचे भागीदार, आणि घरी पंगतीत पुन्हा पाट वेगळे!

बाबा पदमनजी या सभेचे सभासद होते. १८३१ साली बेळगावी कासार कुळात जन्मलेला हा बुद्धिमान तरुण शिक्षणासाठी मुंबईस आला, फ्री चर्चच्या शाळेत शिकला, पुष्कळ वाचले, पुष्कळ तळमळला आणि १८५४ साली बेळगावी त्याने उघडपणे बाप्तिस्मा घेतला. लपून पाव खाणाऱ्या मंडळींतून उठून उजेडात येण्याचे हे धैर्य लहान नव्हते. ‘अरुणोदय’ या नावातील उजेड त्याने रोख मोजून घेतलेला आहे. घरातील व्रतेवैकल्ये, देवदेवतांची धास्ती, शाळा, पुस्तके, सभेतील चर्चा यांचे या ग्रंथातील वर्णन माहितीच्या दृष्टीने बहुमोल आहे, आणि त्या काळच्या मराठी तरुणाच्या मनात काय चालले होते हे समजण्यास आम्हांस तरी याच्या तोडीचे दुसरे साधन दिसत नाही.

तरीही ग्रंथ मिटल्यावर वाचकाच्या मनात माणसे राहत नाहीत. मित्र येतात, पण ते वाटेवरच्या दगडांसारखे किंवा दिव्यांसारखे येतात. कोणी सत्याकडे जाण्यास हात दिला, कोणी आडवा आला. ज्याने हात दिला तो चांगला मित्र. जो आडवा आला तो वाईट. हात देणाऱ्याला दम्याचा विकार होता काय, आडवा येणाऱ्याला विनोद साधत होता काय, हे लेखकाला दिसले असेल, परंतु सांगण्यासारखे वाटले नाही. ‘यमुनापर्यटन’ या त्यांच्या १८५७ सालच्या कादंबरीतही हेच आहे. यमुना आणि विनायक प्रवासाला निघतात, वाटेत एकामागून एक विधवा भेटतात, प्रत्येकीची कहाणी हृदयद्रावक आहे. परंतु प्रत्येकजण एका दुःखाचा नमुना म्हणून येते आणि नमुना दाखवून जाते. माणसाची पारख एकदा त्याच्या उपयुक्ततेवरून करावयाची ठरली की, ती उपयुक्तता सद्हेतूची असली तरी, चित्र उमटत नाही. रेघा तेवढ्या उमटतात.

येथे बाबांविषयी एक न्याय्य गोष्ट बोलली पाहिजे. ज्याच्या मागे घर बंद झाले, त्याने बंद करणाऱ्यांची खुमासदार चित्रे काढावीत अशी अपेक्षा खुर्चीत बसून करणे आम्हांस शोभत नाही. त्यांच्यापुढे प्रश्न विवेचनाचा नव्हता, टिकून राहण्याचा होता. नव्या धर्मात पहिल्याने आलेल्या माणसाला आप्त आणि परके ही विभागणी करावीच लागते, कारण ती समाजाने आधीच करून त्याच्या हाती दिलेली असते. ‘अरुणोदय’ हे पहिल्या पिढीचे पुस्तक आहे. आमची तक्रार बाबांविरुद्ध नाही; पहिल्या पिढीच्या आपद्धर्मातून निघालेला नियम जे अजून सर्वकाळचा म्हणून छापतात त्यांच्याविरुद्ध आहे.

‘स्मृतिचित्रे’ उघडली की वारे बदलते. आरंभीच लक्ष्मीबाईंचे वडील भेटतात. सत्तावनच्या धामधुमीनंतर सासऱ्यांस फाशी झाली आणि त्या धक्क्याने या गृहस्थांस सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात यावयाचा नाही. सबंध घर या धुण्यापुसण्याखाली चिरडलेले. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात. पण ज्या लेखिकेच्या पुस्तकाचे पहिले मोठे चित्र जगाला दाराबाहेर ठेवू पाहणाऱ्या माणसाचे आहे, तिच्या उरलेल्या पुस्तकात दार उघडे राहावे, हा योगायोग आम्ही मानीत नाही.

दार उघडणारे मात्र त्यांचे पती. नारायण वामन टिळक यांस १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एक अनोळखी गोरा सहप्रवासी भेटला, काव्यशास्त्राच्या गोष्टी झाल्या, आणि त्याने नव्या कराराची प्रत देऊन तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, ही कथा प्रसिद्ध आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ज्याने या माणसाच्या आयुष्याला सर्वांत मोठे वळण दिले तो सोबती कोणत्याही पारखीने निवडलेला नव्हता. तिकीट काढून डब्यात बसलेला होता.

यानंतरच्या पाच वर्षांचे लक्ष्मीबाईंचे वर्णन हे मैत्रीच्या वाङ्मयातील एक मोठे प्रकरण आहे, जरी त्यात मैत्रीवर एक शब्दही नाही. नवरा बाटला. त्याच्या जिवंतपणी ही बाई एका प्रकारे विधवा झाली. बहिणीच्या घरच्यांनी तिला सांभाळले. पंढरपुरासही ती राहिली. आणि नवरा पत्रे पाठवीत राहिला. ज्यांनी सांभाळले ते कर्मठ ब्राह्मण, ज्याने हे संकट आणले तो तिचा प्रियतम. येथे बाबा पदमनजींची विभागणी लावावी कशी? हात देणारे कोण आणि आडवे येणारे कोण? लक्ष्मीबाईंनी ती लावलीच नाही. पुढे त्या नगरास नवऱ्याकडे गेल्या तेव्हा स्वतःचे सोवळे घेऊन गेल्या. ते सोवळे कोणी ओढून काढले नाही, हळूहळू त्यांचे त्यांनाच ओझे झाले. माणसामाणसांतील हा विटाळ देवाने केला की माणसाने, हा प्रश्न एकदा त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडविला आणि मग कोणाच्याही हातचे पाणी घ्यावयास त्या मोकळ्या झाल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु पुस्तक लिहावयास बसल्या तेव्हा अलीकडचे आणि पलीकडचे, दोन्ही तीरांवरचे आप्त एकाच उन्हात उभे केले. बाप्तिस्म्यापूर्वीच्या माणसांवर सावली आणि नंतरच्यांवर प्रकाश, असे या पुस्तकात कोठे होत नाही. म्हणूनच ती माणसे जिवंत आहेत, आणि म्हणूनच ख्रिस्ती धर्माशी काडीचा संबंध नसलेली मराठी घरेही हे पुस्तक आपले म्हणून वाचीत आली आहेत.

येथे एखादी शहाणी आई आम्हांस विचारील, आणि तिने विचारावेच, की हे सारे पुस्तकात ठीक. माझा सोळा वर्षांचा मुलगा गल्लीच्या तोंडाशी कोणाबरोबर उभा राहतो हे मी पाहू नये काय? पाहावे. अमली पदार्थांचे, जुगाराचे, उसनवारीचे जाळे सोबत्याच्याच हाताने टाकले जाते, हे नाकारणारा मूर्ख होय. एलरेडने देखील तापट, चंचल, संशयी आणि वाचाळ माणसांपासून जपावयास सांगितले आहे. पण आपल्या मध्यमवर्गीय घरांतून ही पारख प्रत्यक्षात कशी होते, हे थोडे प्रामाणिकपणे पाहावे. मुलाने नव्या मित्राचे नाव सांगितले की आम्ही त्याच्या खरेखोटेपणाची चौकशी करतो काय? आम्ही आडनाव विचारतो. मग वडील काय करतात हे विचारतो. मग कोणत्या इमारतीत राहतो आणि परीक्षेत किती गुण मिळाले हे विचारतो. या चार प्रश्नांची उत्तरे मनाजोगी आली की तो ‘चांगल्या घरचा’ ठरतो. गिरण्यांच्या संपानंतर, १९८२ नंतर, परळ-लालबागेत ज्या घरांचा धूर बंद झाला त्यांची मुले आणि नव्या उंच इमारतींतील मुले यांच्यामध्ये या चार प्रश्नांची भिंत उभी आहे, ती आम्ही रोज पाहतो. लक्ष्मीबाईंचे वडील जिन्नस धूत असत; आम्ही मित्र धुऊन घेतो. आणि या व्यवहाराला शास्त्राचा, मग ते शास्त्र हिंदूंचे असो की ख्रिस्त्यांचे, आधार मिळाला की आम्हांस फार बरे वाटते. पुस्तिकेचा खरा धोका हा आहे. ती खोटे सांगत नाही, पण आमच्या भित्रेपणाला ती सुभाषित पुरविते.

उघड्या दाराची किंमतही लक्ष्मीबाईंनी लपविलेली नाही, हे त्यांचे आणखी एक थोरपण. टिळक कोणालाही घरी आणीत, घरात असेल ते देऊन टाकीत, आणि चूल पेटवावयाची पाळी लक्ष्मीबाईंवर येई. त्यांचा राग, त्यांचे टोमणे, नवराबायकोंची भांडणे, सारे पुस्तकात आहे. मैत्रीवर सुंदर व्याख्याने देणाऱ्या पुरुषांच्या घरी त्या मैत्रीचा स्वयंपाक कोण करते, हा प्रश्न आमच्या वाङ्मयात इतक्या निर्मळ विनोदाने दुसऱ्या कोणी विचारल्याचे आम्हांस आठवत नाही. आलेल्यांपैकी सगळेच गुणी निघाले असेही नाही. परंतु लक्ष्मीबाईंच्या रागाला एक मर्यादा आहे: आलेला माणूस जेवल्याशिवाय तो राग पुरा होत नाही.

या घरी आलेल्यांत त्र्यंबक बापूजी ठोमरे होते. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. तेथे या सतरा वर्षांच्या खानदेशी मुलाची कविता ऐकून सभा थक्क झाली आणि ‘बालकवी’ हे नाव त्याला मिळाले. टिळक त्याला नगरास आपल्या घरी घेऊन आले. पुस्तिकेच्या कसोटीवर हा मुलगा कोठे उतरला असता याची आम्हांस शंकाच आहे. लहरी, हळवा, एकाएकी उदास होणारा, कोणत्या कामाला चिकटून राहील याचा भरवसा नसलेला. आणि पुन्हा धर्माने हिंदू. ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरात तो पोरासारखा वावरला आणि हिंदूच राहिला. टिळकांसारख्या उत्साही प्रचारकाने त्याला घरी ठेवले ते बाटविण्यासाठी, अशी कुजबुज करणाऱ्यांस त्या घरातील सगळ्या वर्षांनी उत्तर दिले आहे. लक्ष्मीबाईंच्या लेखणीत तो ना ख्रिस्ती व्हावयाचा राहून गेलेला जीव आहे, ना मोठा कवी आहे. ते आपले ठोमरे आहेत, रुसणारे, हसणारे, समजूत काढावी लागणारे.

आयुष्याच्या शेवटी, १९१७ साली, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा एक बंधुसंघ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांसही स्थान होते. चर्चच्या शिस्तीत हे बसते की नाही यावर तेव्हा वाद झाला आणि धर्मशास्त्री तो आजही घालू शकतील. टिळकांस तो वाद पुरता लढावयास आयुष्य उरले नव्हते. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेले, वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. पुढच्या वर्षीच्या ९ मे रोजी मुंबईस टिळक गेले. पंधरा-सोळा वर्षांनी लक्ष्मीबाईंनी त्या दोघांस कागदावर आणले तेव्हा एकाला दुसऱ्याचा शिष्य म्हटले नाही, आश्रित म्हटले नाही. नगरच्या त्या घरात एक कवी दुसऱ्या कवीची समजूत काढीत बसला आहे आणि जेवण निवून जात आहे म्हणून ही बाई दोघांवर सारखीच रागावली आहे, असे ते चित्र आमच्या डोळ्यांपुढे राहते.